विषाणू येतो कधी, कॅन्सर होतो कधी

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या एखाद्या घरात ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला, तर पहिला प्रश्न बहुधा कॅन्सरचा नसतो. ‘हे आलं कुठून?’ हा असतो, आणि तो बाईलाच विचारला जातो, नवऱ्याला नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

एचपीव्ही हा कातडीवर जगणारा विषाणू आहे. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवर उठणारे मस त्यांतल्याच काहींमुळे येतात आणि ते कुणाच्या जिवावर उठत नाहीत. काही प्रकार जननेंद्रियांच्या नाजूक कातडीत घर करतात. त्यांतल्या डझनभरांमुळे कॅन्सर होऊ शकतो. त्यातही १६ आणि १८ क्रमांकाचे दोघे सर्वांत वाईट. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के त्यांच्याच खात्यावर आहेत.

हा विषाणू शरीरसंबंधाच्या वेळी कातडीला कातडी लागून पसरतो. रक्तातून, पाण्यातून, एका ताटात जेवल्याने तो येत नाही. त्याच्या नावातली अक्षरं एचआयव्हीसारखी असली तरी दोघांचं काही नातं नाही. निरोधाने धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण निरोधाने न झाकलेली कातडीही लागण व्हायला पुरते. शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा ही लागण होऊन जाते. जन्मभर एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही होते. पुरुषाला सहसा काहीच जाणवत नाही, त्यामुळे आपण विषाणू घेतला आणि पुढे दिला हे त्याच्या गावीही नसतं. शिवाय लागण गेल्या वर्षीची की दहा वर्षांपूर्वीची, हे कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. म्हणजे ‘आलं कुठून’ याचं उत्तर त्या कागदावर नसतंच. त्यावरून सासर-माहेरची बैठक बसवणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता आत काय घडतं ते पाहू. गर्भाशयमुखाला आपल्याकडच्या बायका पिशवीचं तोंड म्हणतात. तिथे दोन तऱ्हेच्या पेशींची शीव असते. बाहेरच्या अंगाला चपट्या पेशींचे थरावर थर, आतल्या अंगाला उभट पेशींचा एकच थर. मुलगी वयात येताना आणि बाळंतपणात ही शीव सरकते, उभट पेशींची जागा चपट्या घेऊ लागतात. हा बदलता पट्टा विषाणूला फार सोयीचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातून तो तळाच्या पेशीत शिरतो. तळाची पेशी सारखी विभागत असते. नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. विषाणू त्यांच्याबरोबर गुपचूप वर चढतो, वरच्या थरात पोचल्यावर आपली संख्या वाढवतो आणि गळणाऱ्या पेशींबरोबरच बाहेर पडतो.

या सगळ्यात तो पेशी फोडत नाही आणि रक्तात उतरत नाही. म्हणून ताप येत नाही, सूज येत नाही, दुखत नाही. अंगावरून पांढरं जाण्याचं कारणही बहुतेक वेळा दुसरंच असतं. शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा उशिरा लागतो, पण लागतो. दहापैकी नऊ लागणी साधारण दोन वर्षांत आपोआप ओसरतात. या विषाणूवर औषध नाही, आणि बहुतेकींना त्याची गरजही पडत नाही.

उरलेल्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो. वरच्या थरातल्या पेशींनी विभागणं थांबवलेलं असतं, आणि विषाणूला तर आपल्या प्रती काढायला विभागणाऱ्या पेशीचीच सामग्री लागते. म्हणून तो ई-६ आणि ई-७ नावाची दोन प्रथिनं बनवतो. पेशीच्या जनुकांत बिघाड झाला की तिला थांबवणारं किंवा मरायला लावणारं पी-५३ हे प्रथिन ई-६ मुळे नष्ट होतं. विभाजनाला लगाम घालणारं आरबी हे प्रथिन ई-७ निकामी करतं. विषाणूला एवढंच हवं असतं. कॅन्सर होण्यात त्याचा काहीच फायदा नाही, कारण कॅन्सरच्या पेशीतून तो पुढे पसरतही नाही. पण वर्षानुवर्षं लगाम सुटलेल्या पेशींत बिघाड साचत जातात. कधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत घुसतो आणि मग ई-६, ई-७ चं उत्पादन बेबंद होतं. पेशींचं रूप बदलू लागतं. सौम्य बदल पुष्कळदा मागे फिरतात, तीव्र बदलांपैकी काहींचा कॅन्सर होतो. याला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बाईत पाच ते दहा वर्षांतही होऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही धोका जास्त.

हा मधला काळच खरा हाताशी असलेला काळ. त्याचं मोल जगाला दाखवलं ते आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप (पेशींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था. एचपीव्ही चाचणी झालेल्यांत दहापैकी साधारण एकीत विषाणू सापडला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या भागातल्या ३४ हजारांवर बायकांत कॅन्सर निघाले १२७. विषाणू किती जणींत असतो आणि कॅन्सर किती जणींना होतो, हा फरक इतका आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने दगावलेल्या ३४, तर चौथ्या भागातल्या ३१ हजारांवर बायकांत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं यावर पुढे टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

एवढं होऊनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी झालेली नव्हती. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

तपासणी होते कशी? पाळी चालू नसताना जायचं. पाय दुमडून टेबलावर झोपायचं. सिस्टर किंवा डॉक्टर योनीमार्गात एक उपकरण घालून तो किंचित उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. त्यावर पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. थोडं चुरचुरतं, बाकी काही नाही. एचपीव्ही चाचणीत बारीक ब्रशने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. ती जास्त नेमकी, पण सगळीकडे मिळत नाही. पांढरा डाग कॅन्सर नसेल तर गार टोकाच्या उपकरणाने तिथल्या तिथे गोठवतात किंवा गरम टोकाच्या उपकरणाने जाळतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. बिलोलीकरांना पुढची तपासणी लागली तर नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घालून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी बीडमधून इतक्या आल्या की २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र तपासणी शिबिराची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

या विषाणूविरुद्धच्या लसीचं काम सोपं आहे. भुईमुगाच्या शेंगेतला दाणा काढून नुसतं टरफल ठेवावं, तसं तिच्यात विषाणूचं बाहेरचं कवच तेवढं असतं, आत डीएनए नाही. त्यामुळे लसीने लागण होऊच शकत नाही, पण शरीर ते कवच ओळखायला शिकतं. झालेली लागण मात्र ती घालवत नाही. म्हणून ती नऊ ते चौदा वयात, संबंध सुरू होण्याच्या आधी द्यायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांची कवचं आहेत. अशाच दुसऱ्या लसीच्या एका डोसानेही १६ आणि १८ विरुद्ध टिकाऊ संरक्षण मिळतं, असं भारतातल्याच एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यातल्या काही मुली बार्शी परिसरातल्या होत्या. उरलेले प्रकार लसीबाहेर आहेत, त्यामुळे आज लस घेणाऱ्या सगरोळीच्या किंवा कुंडलवाडीच्या मुलीलाही तिशीनंतर तपासणीला जावं लागेलच.