संगणकज्ञांचें संमेलन

गेल्या दिवाळींत मी पिंपळगांवीं घरीं आलों असतांना आमच्या शेजारच्या काकांनीं मला एक प्रश्न विचारला. मी पुण्यांत संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करितों व अधूनमधून स्वतःच्या खर्चानें त्या विषयाच्या संमेलनांस जातों, हें त्यांना ठाऊक होतें. ते म्हणाले, "अरे, तिथलीं सारीं भाषणें नंतर मोबाईलवर फुकट पाहायला मिळतात म्हणे. मग तिकीट काढून, रजा घेऊन दोन दिवस तिथें बसायचें कशाला?" काकांचा मुलगा आपल्याच शाळेंत दहावीस आहे व त्याला हाच व्यवसाय करावयाचा आहे, तेव्हां प्रश्न केवळ थट्टेचा नव्हता. त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. या शाळेचा एक जुना विद्यार्थी या नात्यानें तें येथें देण्याचा प्रयत्न करितों.

संमेलन हा शब्द आपणांस नवा नाहीं. १८७८ सालीं न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें मराठी ग्रंथकार पुण्यांत एकत्र जमले. त्याच परंपरेंतील साहित्यसंमेलन डिसेंबर २०२१ मध्यें आपल्या नाशकांत भरलें, व त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर हे शास्त्रज्ञ होते. संगणकज्ञांचींही अशीं संमेलनें भरतात. त्यांत एक प्रकार जत्रेसारखा असतो. लास व्हेगास किंवा बार्सिलोना येथें दर वर्षीं भरणारीं प्रचंड प्रदर्शनें या प्रकारचीं होत. तेथें कंपन्या आपला माल मांडतात आणि पाहणारांची रीघ लागते. दुसरा प्रकार कारागिरांच्या मेळाव्याचा. मला हा दुसराच अधिक आवडतो, म्हणून त्याविषयींच लिहितों.

'पायथन' ही संगणकास आज्ञा देण्याची एक भाषा आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. (तिचें नांव सापावरून पडलेलें नाहीं, एका ब्रिटिश विनोदी नटमंडळीच्या नांवावरून पडलें आहे!) ही भाषा वापरणारांची पहिली बैठक नोव्हेंबर १९९४ मध्यें अमेरिकेंतील मेरीलंड प्रांतीं झाली, तेव्हां वीसेक माणसें जमलीं होतीं. आपल्या देशांतील पहिलें मोठें संमेलन २००९ सालीं बंगळुरास झालें, आणि सप्टेंबर २०११ मध्यें तें पुण्यांत भरलें. त्यालाच मी प्रथम गेलों. हें संमेलन कोणा कंपनीच्या मालकीचें नसतें. सतरंज्या घालण्यापासून निबंध निवडण्यापर्यंत सारें काम स्वयंसेवक करितात.

कांहीं महिने आधीं निबंध मागवितात व त्यांतून निवडक स्वीकारितात. एकाच वेळीं निरनिराळ्या दालनांत भाषणें चालू असल्यामुळें सर्व ऐकणें कोणासच शक्य नसतें. याखेरीज पांच मिनिटांचीं भाषणें असतात. त्यांस निवड नाहीं, परीक्षा नाहीं. भिंतीवर कागद लावलेला असतो, त्यावर ज्यानें प्रथम नांव लिहिलें त्यानें बोलावें. मधल्या वेळीं व्हरांड्यांत चहा.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. त्या सुमारास मी आमच्या घरच्या जुन्या पावत्यांचा मजकूर संगणकांत भरीत होतों. त्यांतील शब्द वेगळे काढून निफाड तालुक्यांतील कोणत्या गांवाचें नांव किती वेळां आलें हें मोजावें, एवढेंच काम. देवनागरी आंकडे पायथन बिनचूक वाची. १२३ लिहिलें तर तें एकशें तेवीसच समजे. शब्दांचें मात्र विपरीत होई. 'पिंपळगांव' घातलें कीं 'प', 'पळग' आणि 'व' असे तीन तुकडे बाहेर येत. 'लासलगांव'चेही तीनच. 'निफाड'चें तर प्रत्येक अक्षर सुटें. आणि 'ओझर' तेवढें अखंड! एक शब्द नीट येतो त्या अर्थीं साधन बरोबर आहे, चूक माझीच असली पाहिजे, असा मीं निष्कर्ष काढला व दोन महिने तीच शोधीत बसलों.

खरें कारण असें आहे. संगणकास अक्षर ठाऊक नसतें, क्रमांक ठाऊक असतो. युनिकोड नांवाच्या जागतिक कोष्टकांत 'प' या वर्णास २३४६ हा क्रमांक आहे आणि ऱ्हस्व वेलांटीस २३६७ हा निराळा. म्हणजे 'पि' हें आपणांस एक अक्षर, संगणकास दोन क्रमांक. शब्द वेगळे करणारें साधन प्रत्येक क्रमांकास जणूं विचारी, "तूं वर्ण कीं अंक?" 'प' होय म्हणे, वेलांटी, काना, अनुस्वार हीं मंडळी नाहीं म्हणत, आणि तेथें शब्द तुटे. ओझरमधील 'ओ' हा स्वर स्वतंत्र क्रमांकाचा, आणि पुढें ना काना ना वेलांटी. म्हणून तें गांव वांचलें.

हें ज्ञान त्या वेळीं मला नव्हतें. पुण्याच्या संमेलनास गेलों तो ही अडचण मनांत घेऊनच. रेमंड हेटिंजर हे पायथनच्या घडणींतील एक प्रमुख गृहस्थ त्या वर्षींचे मुख्य वक्ते होते. भाषणें ऐकिलीं, टिपणें केलीं. पांच मिनिटांच्या भाषणांच्या कागदापाशीं मी दोनदां गेलों आणि दोनदां परतलों. शिक्षण मराठींतून झालेलें, इंग्रजी अडखळतें, आणि दाखवावयाचें काय, तर न चालणारी आज्ञावली! शेवटच्या दिवशीं चहाच्या वेळीं एका कोपऱ्यांत संगणक उघडून मी पुन्हां तोच खटाटोप करीत होतों. शेजारीं उभे असलेले एक तमिळ गृहस्थ वांकून पाहूं लागले व हसले. मला राग येणार, इतक्यांत त्यांनीं माझ्याच यंत्रावर आपल्या भाषेचें नांव आपल्या लिपींत लिहून दाखविलें. त्याचेही दोन तुकडे झाले. दोष तुमचा नव्हे, साधनाचा आहे, असें ते म्हणाले. त्याची रीतसर नोंद ऑगस्टांतच पायथनच्या दोषांच्या जाहीर यादींत झाली होती, आणि 'रेजेक्स' नांवाच्या दुसऱ्या साधनांत तो दोष नव्हता. दहा मिनिटांत माझें काम झालें. पांच मिनिटांच्या भाषणांची वेळ मात्र तोंवर निघून गेली होती.

हें कांहीं भाषण नव्हतें, म्हणून तें मोबाईलवर कोणासही दिसणार नाहीं. काकांना हें समजणें कठीण नाहीं. कांद्याचा भाव हल्लीं घरबसल्या कळतो, तरी व्यापारी बाजार समितीच्या आवारांत ट्रॅक्टरपाशीं येऊन चार कांदे हातांत घेतोच. आणि काकाही शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यास, बी कोणतें होतें, माल चाळींत किती दिवस राहिला, हें विचारल्यावांचून परत येत नाहींत.

अपुरें काम चारचौघांत दाखविण्याची लाज मोठमोठ्यांसही बाजूस ठेवावी लागली आहे. डिसेंबर १९९१ मध्यें अमेरिकेंतील सॅन अँटोनियो येथें भरलेल्या एका संमेलनास टिम बर्नर्स-ली यांनीं निबंध धाडला होता. तो नाकारला गेला. केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची परवानगी मिळाली. तेवढ्यासाठीं ते व त्यांचे सहकारी युरोपांतून यंत्र घेऊन गेले. त्यांनीं जें दाखविलें तें म्हणजे आज साऱ्या जगास ठाऊक असलेलें 'वर्ल्ड वाइड वेब'. दोन वर्षांनीं तेंच संमेलन पुन्हां भरलें, तेव्हां बहुतेक प्रात्यक्षिकें त्याच विषयावर होतीं.

माझें काम अर्थात् त्या तोलाचें नव्हे. पण २०१२ सालीं बंगळूरच्या संमेलनांत मीं त्या कागदावर नांव लिहिलें. व्याकरण पुष्कळ चुकलें. पडद्यावर पिंपळगांवचे तीन तुकडे पाहून सभा हसली. भाषण संपल्यावर व्हरांड्यांत एक कानडी, एक मल्याळी व एक बंगाली असे तिघे आपापले मोडके शब्द घेऊन आले, आणि आम्ही जेवणाची वेळ विसरलों.

पालकांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. अशा बहुतेक संमेलनांत विद्यार्थ्यांस शुल्कांत सवलत असते. प्रवासाचा व राहण्याचा खर्च मात्र आधींच पाहावा लागतो. मुलानें रिकाम्या हातानें जाऊं नये. चालत असो वा नसो, स्वतः लिहिलेलें कांहीं बरोबर असावें, नाहीं तर व्हरांड्यांत बोलणें कशावरून निघावयाचें?

निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं ती जुनी आज्ञावली काकांच्या मुलाच्या हातीं दिली. त्याच्या आईचें माहेर वणी. त्यानें तेंच नांव घातलें, तों 'वण' एवढेंच परत आलें. "तुकडे झाले नाहींत, पण शेपूट गेलें कीं!" असें तो म्हणाला. शब्द न मोडतांही चुकूं शकतो ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या ध्यानांत आली नव्हती. मग आम्ही दोघे दिंडोरी, चांदवड, सटाणा करीत बराच वेळ बसलों.