खेळांच्या फोटोग्राफीसाठी सेकंड हँड टेलिफोटो लेन्स घेताय? पैसे देण्याआधी एवढं तपासा



मागच्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. लग्नाच्या ऑर्डरी करून त्याने थोडे पैसे साठवले आणि त्यातून जुनी १५०-६०० मिमी लेन्स घेतली. लेन्स स्वच्छ होती, भावही चांगला मिळाला. पहिलं काम मिळालं गावातल्या कबड्डी स्पर्धेचं, रात्रीच्या सामन्यांचं. अकराशे फोटो काढले, आयोजकांना देण्यासारखे निघाले जेमतेम वीस. बाकीचे काळपट, दाणेदार नाहीतर हललेले. ठरलेल्या पैशातले निम्मेच हातात पडले आणि पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला गेलं.

त्या लेन्समध्ये काहीही दोष नव्हता. ती त्या कामाची नव्हती, एवढंच. म्हणून आजचा मुद्दा एकच : लेन्स स्वस्त आहे की महाग हे नंतर बघा, आधी ती तुमच्या कामाला, तुमच्या कॅमेऱ्यावर चालते का ते बघा.

१. आधी खेळ आणि उजेड ठरवा

धावता खेळाडू फोटोत स्थिर दिसायला शटर स्पीड साधारण १/१००० सेकंद लागतो. इतक्या कमी वेळात पुरेसा उजेड आत यायला लेन्सचं तोंड मोठं हवं. एफ २.८ च्या जागी एफ ५.६ आलं की उजेड चौथाई होतो. म्हणजे जिथे आयएसओ ३२०० मध्ये काम भागत होतं तिथे १२,८०० करावा लागतो, नाहीतर शटर १/२५० वर आणावा लागतो. मग चढाई करणाऱ्याचा हात हललेलाच येणार.

आता अंतर बघा. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. तुम्ही रेषेजवळ बसता, त्यामुळे ७०-२०० मिमी भरपूर होते. कबड्डी, खो-खो, कुस्ती, बॅडमिंटन, शाळेचं स्नेहसंमेलन, संध्याकाळचे सामने, या सगळ्यांना ७०-२०० एफ २.८ हीच कमाईची लेन्स.

क्रिकेटचं गणित वेगळं. मोठ्या मैदानावर सीमारेषेपासून फलंदाज ६०-८० मीटर लांब असतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमीला तो फ्रेमच्या उंचीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो, ६०० मिमीला निम्म्याहून जास्त. इथे १५०-६०० कामाला येते, पण दिवसाच्या उन्हात. रात्रीच्या सामन्याला नाही.

तुमच्याकडे पुढच्या सहा महिन्यांत कोणती कामं येणार आहेत ते वहीत लिहा. लेन्स आपोआप ठरेल.

२. बाजारात काय मिळतं?

कॅनन-निकॉनच्या स्वतःच्या लेन्स जुन्यासुद्धा महाग पडतात. म्हणून सुरुवातीला टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्यांकडे वळायला हरकत नाही.

- टॅमरॉन ७०-२०० एफ २.८ व्हीसी : पहिली आवृत्ती २०१२ ची, दुसरी म्हणजे 'जी-टू' २०१७ ची. बजेट असेल तर जी-टू बघा. वजन सुमारे दीड किलो.
- सिग्मा ७०-२०० एफ २.८ ओएस एचएसएम : २०१० ची. नंतर २०१८ मध्ये 'स्पोर्ट्स' मालिकेतली आली, ती वजनाने बरीच जड आहे.
- १५०-६०० मिमी : सिग्माच्या 'कंटेम्पररी' आणि 'स्पोर्ट्स' २०१४ च्या. टॅमरॉनची 'जी-टू' २०१६ ची.

एक सापळा सांगून ठेवतो. २००८ च्या सुमाराची टॅमरॉनची ७०-२०० एफ २.८, जिच्या नावात 'मॅक्रो' आहे आणि 'व्हीसी' नाही, ती स्वस्तात दिसेल. चित्र छान देते, पण फोकस संथ आहे. पोर्ट्रेटला चालेल, खेळाला नाही.

याउलट, चांगली वेगवान मोटर आहे पण स्टॅबिलायझर नाही, अशी लेन्स स्वस्त मिळाली तर बिनधास्त विचार करा. स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतो, खेळाडूला थांबवत नाही. १/१००० वर त्याच्यावाचून फारसं अडत नाही.

३. तुमचा कॅमेरा सोबत न्या

इथे बरेच जण फसतात. कॅननसाठी बनलेली लेन्स निकॉनवर बसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही जुन्या सिग्मा लेन्स कॅननच्या नंतरच्या बॉडीवर एरर दाखवतात. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे लेन्समध्ये मोटर नसेल तर ऑटोफोकस बंद. मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावणार असाल तर त्याच अडॅप्टरसह चालवून बघा.

विक्रेता म्हणेल, "माझ्या कॅमेऱ्यावर मस्त चालते, दादा." चालत असेल. पण काम तुमच्या कॅमेऱ्यावर करायचंय.

४. दहा मिनिटांची तपासणी

- पुढचा यूव्ही फिल्टर काढायला सांगा. ओरखडे बऱ्याचदा त्याच्याच मागे लपतात.
- मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे नेहमीचं आहे. अशी लेन्स सोडून द्या. थोडी धूळ मात्र चालते.
- झूम आणि फोकसची रिंग पूर्ण फिरवा. मध्येच अडकते का? खरखर येते का?
- कॅमेऱ्यावर बसवल्यावर लेन्स डुगडुगते का ते बघा. माउंटचे स्क्रू घासलेले दिसले तर ती उघडली गेली आहे, कारण विचारा.
- सीरियल नंबर बिलाशी जुळवा. बिल नसेल तर भाव तसाच मागा.
- मोटर बदलायची वेळ आली तर सुटे भाग मिळतील का, हे त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

५. खरी परीक्षा : धावता माणूस

भिंतीचा फोटो सगळ्याच लेन्स चांगला काढतात. तुम्ही मित्राला सोबत न्या आणि दिवसाउजेडी मोकळ्या जागेत त्याला तुमच्या दिशेने धावायला लावा. २०० मिमी, एफ २.८, १/१०००, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर. ३० फोटोंचा बर्स्ट घ्या आणि लॅपटॉपवर मोठे करून डोळे स्पष्ट असलेले मोजा. हे तीन वेळा करा. निम्म्याहून जास्त फोटो प्रत्येक वेळी फसत असतील तर लेन्स परत द्या, भाव कितीही पडला तरी.

फोकस दरवेळी सारखाच पुढे किंवा मागे पडत असेल, तर ती चूक बहुतेक वेळा दुरुस्त होते. काही डीएसएलआरमध्ये त्याची सोय आहे, आणि सिग्मा-टॅमरॉनच्या नव्या मालिकांना यूएसबी डॉक किंवा टॅप-इन कन्सोल लावता येतो.

ही परीक्षा दिव्यांखाली घेऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरमध्ये एक फोटो उजळ तर दुसरा अंधारा येतो. दोष दिव्याचा आणि संशय लेन्सवर, असं होतं.

६. आता हिशेब मांडा

समजा लेन्स ४५,००० ला घेतली आणि दोन वर्षांनी ३५,००० ला विकली. घट १०,०००. साफसफाई-दुरुस्तीसाठी ६,००० बाजूला ठेवा. खरा खर्च १६,०००. दोन वर्षांत ४० कामं केलीत तर प्रत्येक कामामागे ४०० रुपये. तेवढे तुमच्या दरात धरलेच पाहिजेत.

हीच लेन्स दिवसाला १,२०० रुपये भाड्याने मिळत असेल तर १३ कामांपर्यंत भाडंच स्वस्त. म्हणून नवख्या मंडळींना माझा सल्ला : पहिली तीन-चार कामं भाड्याच्या लेन्सवर करा. खांद्याला वजन झेपतं का, फोटो विकले जातात का, हे कळेल. मग तुमच्या शहरातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

आणि त्या मुलाचं काय झालं? त्याने १५०-६०० विकली, तीन हजारांचं नुकसान सोसलं आणि कॅमेरा सोबत नेऊन, मित्राला पळवून, ७०-२०० घेतली. आता संध्याकाळचे सामने तोच करतो. तीन हजार त्याने शिकवणीची फी म्हणून खात्यात लिहिलेत. तुम्हाला ती भरायची गरज नाही, यादी घेऊन जा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही काढा आणि सहा महिन्यांची कामं लिहायला घ्या!