मीन राशीतील सरस्वती

आश्विन-कार्तिकातल्या निरभ्र रात्री, नऊ-दहाच्या सुमारास, तेलगावच्या बाहेर एखाद्या बांधावर उभे राहा. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. हीच पूर्वा व उत्तरा भाद्रपदा. त्याच्या ईशान्येला अंधुक कापसासारखा ठिपका दिसला, तर ती देवयानी दीर्घिका; २५ लाख प्रकाशवर्षे दूर. नुसत्या डोळ्यांची धाव साधारण इथवरच! चौकोनाच्या दक्षिणेला आकाश ओसाड वाटते. तिथेच, मीन राशीत, ‘सरस्वती’ आहे. देवयानीच्या सोळाशे पट, म्हणजे सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे लांब.

ही सरस्वती म्हणजे काय? गावच्या भाषेत सांगू. तारा हे घर मानले, तर दीर्घिका हे गाव. गावांचा तालुका होतो, तसा दीर्घिकांचा समूह. तालुक्यांचा जिल्हा, तसा महासमूह. तेलगाव धारूर तालुक्यात आणि धारूर बीड जिल्ह्यात. तसे आपल्या आकाशगंगेच्या जिल्ह्याचे नाव ‘लानियाकेआ’. सरस्वती हा परका जिल्हा.

तो सापडला पुण्यात. ‘आयुका’ व ‘आयसर’ या संस्थांतील जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये हा शोध जाहीर केला. दुर्बिणीला डोळा लावून तो लागला नाही, बरे का! अमेरिकेतील स्लोन सर्वेक्षणाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. नुसत्या छायाचित्रात जवळचे-लांबचे सारे एकाच पडद्यावर दिसते. पण दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा प्रकाश वर्णपटात तांबड्या रंगाकडे सरकलेला असतो. त्यावरून अंतरे मांडली, तेव्हा ही दाटी उघड झाली. त्रेचाळीस लहानमोठे समूह, विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे, आणि वस्तुमान सूर्याच्या दोन कोटी अब्ज पट!

नवल पुढेच आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्म जीवांपलीकडे काही नव्हते. विश्वाचे वयही आजच्याहून शेकडो कोटी वर्षांनी कमी होते. तेवढ्या अवधीत एवढा पसारा जमला कसा? कारण गुरुत्वाकर्षण वस्तूंना जवळ ओढते, तर कृष्ण ऊर्जा म्हणून जे काही आहे ते विश्वाला ताणत राहते. जणू रस्सीखेचच. सरस्वतीच्या मधोमध ‘एबल २६३१’ नावाचा समूह आहे. त्याच्या भोवतालचा गाभा स्वतःच्याच भाराने आत ओढला जात असावा, असे गणित सांगते. कडेच्या तालुक्यांवर मात्र ही ओढ पुरी पडत नाही. काळाच्या ओघात ते एकमेकांपासून दूर दूर जात राहतील.