वूलवर्थ इमारतीच्या माथ्यावरची घरे

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर १९१३ साली पूर्ण झालेली, ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत १९३० पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत होती. पाच व दहा सेंटांच्या वस्तूंच्या दुकानांतून संपत्ती मिळवलेल्या फ्रँक वूलवर्थ यांनी वास्तुकार कॅस गिल्बर्ट यांच्याकडून ती मध्ययुगीन युरोपीय चर्चची आठवण देणाऱ्या गॉथिक शैलीत बांधून घेतली आणि तिच्या पोलादी सांगाड्यावर टेराकोटाचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, नक्षीदार आवरण चढवले गेले.

मुळात कचेऱ्यांसाठी असलेल्या या इमारतीचे वरचे सुमारे तीस मजले २०१२ मध्ये विकले गेले व तेथे ‘काँडोमिनियम’ पद्धतीची घरे झाली. या पद्धतीत खरेदीदार आपल्या घराचा स्वतंत्र मालक होतो आणि सामाईक भागांत त्याला अविभाज्य हिस्सा मिळतो. महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा याच तत्त्वावर उभा आहे, तर सहकारी गृहनिर्माण संस्थेत मालमत्ता संस्थेची असून सभासदाकडे भाग असतात.

शहराने १९८३ मध्ये इमारतीला वारसावास्तूचा दर्जा दिल्यामुळे दर्शनी भागातील बदलांना वारसा आयोगाची परवानगी लागते, आणि हे बंधन योग्यच आहे, कारण ही शिल्पसमृद्ध वास्तू केवळ घरमालकांची नाही. शिखरातील पाचमजली घरासाठी २०१७ मध्ये ११ कोटी डॉलर मागितले गेले होते. अंतर्गत काम अपूर्ण असलेले ते घर २०२३ मध्ये सुमारे ३ कोटींना विकले गेले.