बाळंतिणीचे रडणे म्हणजे नाशुक्री नव्हे

बाळ सुखरूप जन्माला आले. कानात अजान दिली गेली, अकीका झाला, पेढे वाटले. घरभर आनंद आहे आणि बाळंतीण मात्र भिंतीकडे तोंड करून रडते आहे. जेवण जात नाही. बाळ झोपले तरी तिला झोप नाही. विचारले तर म्हणते, "मला काय होतंय, मलाच कळत नाही." मग घरातून ऐकू येते, "अल्लाहने एवढी नेअमत दिली, शुक्र करायचा सोडून रडतेस?" कोणी नजर लागली म्हणते, कोणी नाटक म्हणते. आधीच खचलेल्या मुलीला आता आपला ईमानच कमजोर आहे असे वाटू लागते.

अशा घरांनी सूरह मरयम एकदा अर्थासह वाचावी. कळा असह्य झाल्या तेव्हा हजरत मरयम (अ.स.) खजुराच्या बुंध्याशी आल्या आणि याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्या तोंडून निघाले. त्यांचा प्रसंग वेगळा होता. पण अल्लाहने निवडलेल्या त्या पवित्र मातेला मिळालेले उत्तर पाहा. त्यात रागावणे नाही. दुःख करू नकोस असा दिलासा आहे, पायाशी झरा आहे, ताजे खजूर आहेत. आणि लोकांनी काही विचारले तर त्या दिवशी कोणाशी बोलायचे नाही, अशी मुभाही आहे. धीर, अन्न, पाणी आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका: बाळंतिणीला नेमके हेच हवे असते.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणे, चिडचिड होणे बहुतेक स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, कशातच मन लागेना, आपण वाईट आई आहोत असे सतत वाटू लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो गर्भारपणातही सुरू होतो. हजारात एक-दोघींना मात्र भास होतात, असंबद्ध बोलणे सुरू होते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलणारीलाही एकटे न सोडता लगेच न्यावे.

आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मातांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यात होत्या. त्यांतील बहुतेकींचा त्रास गर्भारपणातच सुरू झाला होता. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते आणि मुलगी झाल्याची नाराजीही होती. म्हणजे या आजाराचा काही भाग घरातच तयार होतो. मुलगी झाल्यावर तोंड पाडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

घरातूनच उपायही होतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्यातील मातांच्या घरी पाठवले गेले. त्या आईशी बोलत आणि घरच्यांनाही सामील करून घेत. सहा महिन्यांनी या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या मातांत हे प्रमाण ५३ टक्के होते. हा अभ्यास २००८ सालचा आहे.

काही भगिनींना पाळीच्या आधीचा आठवडा असाच जातो: टोकाची उदासी, संताप, रडू. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत सारे निवळते. हाही स्वभावदोष नव्हे. दोन महिने तारखा आणि त्रास वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. असा त्रास असलेल्या स्त्रीची बाळंतपणात अधिक काळजी घ्यावी.

मग करायचे काय? निफासच्या काळात नमाज माफ आहे. ती पढत नाही म्हणून तिला टोचू नका. दुआ आणि जिक्र ती करू शकते. रात्री एक वेळ बाळाला बापाने सांभाळावे, म्हणजे तिची सलग झोप होईल. भेटायला येणाऱ्यांच्या प्रश्नांना सासूबाईंनी किंवा अम्मीने उत्तरे द्यावीत. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना गाठावे. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडले आहे का, हेही तपासून घ्यावे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक मोफत असून रात्रंदिवस सुरू असतो. मराठीतही बोलता येते. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधेही आहेत, पण ती डॉक्टरांनी ठरवावीत. एकदा सुरू झालेली गोळी मनाने बंद करू नये.

अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज उतरवला आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दुआ करावी आणि दवाही करावी. शेजारच्या घरी बाळ बघायला जाल तेव्हा बाळाला हातात घेण्याआधी त्याच्या आईजवळ बसा. "तू कशी आहेस?" एवढे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.