आधी माती, मग बाग

मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे 3,000 कर्मचाऱ्यांचे जेवण तयार व्हायचे. एवढा स्वयंपाक म्हटला की भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा आणि उरलेसुरले अन्न यांचा ढीग रोजचाच. 2002 मध्ये तिथल्या उपाहारगृह अधिकारी प्रीती पाटील यांनी हा ढीग कचरागाडीत न टाकता जिना चढवून गच्चीवर न्यायला सुरुवात केली. कचऱ्याचा प्रश्न जागच्या जागी सुटावा, एवढाच तेव्हा हेतू होता.

वर होते नुसते तापलेले काँक्रीट. तिथे शेतातली माती चढवायची तर छतावर भार येणार आणि खर्चही परवडणार नाही. म्हणून माती वरच तयार करायची असे ठरले. जुने ड्रम आणि विटांचे वाफे, त्यांत उसाचे चिपाड, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा. सांभाळणारे हात स्वयंपाकघरातल्याच कर्मचाऱ्यांचे. खाली भांडी आवरली की मंडळी वर यायची, पाणी घालायची, वाळलेली पाने गोळा करून पुन्हा वाफ्यात टाकायची. काही वर्षांत या गच्चीवर नारळ, चिकू, पेरू आणि आंब्याची झाडे उभी राहिली आणि त्यांच्या सावलीला पालक, वांगी, टोमॅटो.

या कामात पाटील यांना वाट दाखवली डॉ. आर. टी. दोशी यांनी. शिक्षणाने अर्थतज्ज्ञ असलेल्या दोशींनी वांद्र्यातल्या आपल्या गच्चीवर चिपाड आणि थोडे कंपोस्ट यांच्या जोरावर फळे-भाज्या पिकवल्या होत्या. शहरात माती मिळत नाही, ही तक्रार त्यांनी स्वतःच्या घरापुरती कधीच मोडीत काढली होती.

या विचाराचे मूळ मात्र कोल्हापुरात सापडते. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक, डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि जे कळले ते दुसऱ्याला सांगावे, अशी ही रीत. तासगावच्या दुष्काळी भागात द्राक्षाच्या बागा बहरल्या, त्यामागे या परिवाराच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. सूर्यप्रकाश सगळ्यांना फुकट मिळतो, तो पानांनी किती टिपला यावर उत्पन्न ठरते, हे दाभोळकर आयुष्यभर समजावून सांगत राहिले. त्यांचा हा धागा पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या बजवाडा इथे ‘अमृत मिट्टी’च्या रूपाने विकसित केला.

अमृत मिट्टी करायला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजे शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ कालवायचा. हे द्रावण तीन दिवस ठेवायचे, दिवसातून तीनदा काठीने दोन्ही दिशांना ढवळायचे. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालून वाळलेला पालापाचोळा आणि काडीकचरा 24 तास भिजवायचा. मग सुमारे 10 फूट लांब, 3 फूट रुंद आणि 1 फूट उंच ढीग रचायचा, प्रत्येक थरावर मूठभर माती भुरभुरायची. दर आठवड्याला तो वरखाली करायचा. महिनाभराने त्यावर नाना चवींची बियाणी पेरायची: मेथी, मिरची, अंबाडी, तीळ, मूग, मका. ही रोपे 21, 42 आणि 63 व्या दिवशी टप्प्याटप्प्याने कापून, वाळवून, पुन्हा त्याच ढिगात मिसळायची. चार-पाच महिन्यांनी हाती येते ती काळीभोर, हलकी, मुठीत दाबली तर गोळा होणारी आणि बोट लावताच मोकळी होणारी माती. पहिल्या पावसाला जमिनीचा सुटतो तोच वास तिला असतो.

2009 मध्ये प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अर्बन लीव्हज’ नावाने माती घडवण्याची ही कला बंदराच्या फाटकाबाहेर आणली. गिरगाव चौपाटीजवळचे नाना-नानी पार्क, माटुंग्यातल्या एका शाळेची गच्ची आणि धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान अशा ठिकाणी स्वयंसेवकांच्या सामुदायिक बागा सुरू झाल्या. निसर्ग उद्यानाची निवड अगदी समर्पक होती. आज तिथे 37 एकरांवर दाट झाडी आहे, पण ती जागा एकेकाळी मुंबईचे डम्पिंग ग्राउंड होती.

या बागांत येणारी माणसे नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त अशी सगळ्या थरांतली. बहुतेकांची भेट सुटीच्या दिवशी सकाळी. कुणी ढीग उलटतो, कुणी बी टोकतो, कुणी मावा पडलेली पाने खुडतो. निघालेली भाजी उपस्थितांत वाटून घेतली जाते. रोप लावणे हे या कामातले सर्वांत छोटे काम. माती मात्र बारा महिने मागणी करत असते, आणि ती मागणी पुरवायला माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येतात. या बागांचे खरे बळ इथे आहे. एरवी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात जुलैत वाजतगाजत लावलेले रोप मे महिन्यात मरते, कारण मधल्या दहा महिन्यांत तिथे कुणालाच काही काम उरलेले नसते.

जगातला अनुभवही वेगळा नाही. न्यूयॉर्कच्या बावरी भागात 1973 मध्ये लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या मित्रांनी कचऱ्याने भरलेला एक पडीक प्लॉट साफ केला. स्वयंसेवकांची ती बाग आजही उभी आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला खते आणि इंधन मिळेनासे झाले, तेव्हा हवाना शहराने मोकळ्या जागांवर कंपोस्टने भरलेले वाफे घालून भाजी पिकवली.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे काम मुंबईपेक्षा सोपे जावे. मुंबईकरांना चिपाड रसवंतीतून मागून आणावे लागते. आपल्याकडे कापसाचा हंगाम सरला की शिवारात पऱ्हाट्या उभ्या असतात, तुरीच्या काड्या आणि कुटार असते, आणि त्यातले कितीतरी धुऱ्यावर पेटवून दिले जाते. शेण, गोमूत्र शहराच्या वेशीवर मिळते. जागेचीही ददात नाही. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कुठल्याही गावात जा, ले-आउटमध्ये राखून ठेवलेली ओपन स्पेस दिसेल, आणि तिथे बहुधा गाजरगवत माजलेले असेल.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे आटली तेव्हा यवतमाळकरांनी पाण्यासाठी काय सोसले ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणूनच बागेची सुरुवात लॉन किंवा शोभेच्या झाडांनी करू नये. पालापाचोळ्याने भरलेली, वरून आच्छादन घातलेली माती ओल धरून ठेवते आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावरही बराच काळ तग धरते.

शिकायला फार लांब जायचीही गरज नाही. यवतमाळजवळच्या छोटी गुजरीचे सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीत तोटा सोसल्यावर नैसर्गिक शेतीची कास धरली आणि पावसाचे पाणी शेतातच जिरवून, झाडे आणि पक्षी राखून जमीन पुन्हा जिवंत केली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असा जाणकार जिल्ह्यात असताना मातीच्या कामाला मार्गदर्शक नाही, असे म्हणता येणार नाही.

तेव्हा यंदा दिवाळीनंतर, पऱ्हाट्या उपटायची वेळ आली की, प्रत्येक ले-आउटमधल्या दहा-बारा घरांनी एकत्र यावे. नगर परिषदेकडून ओपन स्पेस वापरण्याची परवानगी मागावी, एक ट्रॉली काडीकचरा आणावा आणि 10 फुटांचा एकच ढीग रचावा. तो उलटण्याची पाळी घरागणिक वाटून घ्यावी. उन्हाळा सरेपर्यंत माती तयार झालेली असेल, आणि पावसाळ्यात त्याच जागेवर अंबाडीची, मेथीची पहिली जुडी निघेल.