करार आणि बेकरार

‘बेकरार’ हा शब्द आपण गझलांत आणि सिनेमाच्या गाण्यांत पुष्कळदा ऐकलेला आहे. ज्याच्या जिवाला चैन नाही, तो बेकरार. मूळ अरबी शब्द ‘करार’. त्याचा अर्थ स्थैर्य, स्वस्थता. मराठीत आला तेव्हा त्याला कागद, सही आणि शिक्का चिकटले. पण मला वाटतं, अर्थ फारसा बदललेला नाही. दोन शत्रू करार करतात तो शेवटी रात्री निवांत झोप लागावी म्हणूनच. आज मी जिथे सही नाही, शिक्का नाही आणि न्यायालयही नाही, अशा ठिकाणच्या करारांविषयी बोलणार आहे. ते ठिकाण म्हणजे संगणकावरचा एक खेळ.

या खेळाचं नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडमधल्या सीसीपी या कंपनीने तो २००३ साली सुरू केला. माझा भाचा तो बरीच वर्षं खेळतो आहे. त्याने समजावलं म्हणून मला थोडंफार कळलं. बुद्धिबळाचा डाव संपला की मोहरे डब्यात जातात. इथे डाव संपतच नाही. सात हजारांहून अधिक सूर्यमालांचं एक काल्पनिक अवकाश आहे. चीनसाठीची वेगळी व्यवस्था सोडली, तर जगभरचे खेळाडू त्या एकाच अवकाशात वावरतात. खनिज काढायचं, त्यातून यानं बांधायची, ती विकायची किंवा घेऊन लढायचं. यान फुटलं की फुटलं. नवं हवं तर पुन्हा घाम गाळा.

हजारो खेळाडू एकत्र येऊन आघाड्या करतात. या आघाड्या म्हणजे जणू राष्ट्रंच. त्यांना प्रदेश असतो, खजिना असतो, सेनापती असतात आणि वकीलही असतात. वकील म्हणजे पूर्वी दरबारात पाठवत ते. मित्राचं यान पडद्यावर निळ्या खुणेने दिसतं. मोठ्या आघाड्यांच्या सीमेवर साधा नियम असतो: निळा नसेल तो शत्रू. हेरगिरी, फसवणूक आणि विश्वासघात यांना खेळाची मनाई नाही. शब्द मोडला म्हणून कंपनी कोणाला शिक्षा करत नाही.

मग करार करायचाच कशाला? कारण युद्ध महाग पडतं. जानेवारी २०१४ मध्ये एका सूर्यमालेचा ताबा राखण्यासाठीची रक्कम एका आघाडीकडून वेळेवर भरली गेली नाही. ताबा सुटला, शत्रू धावून आला आणि सुमारे एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तिच्यात उतरले. ‘टायटन’ नावाची सर्वांत अवाढव्य यानं पंचाहत्तर फुटली. खऱ्या पैशांत मोजलं तर नुकसान सुमारे तीन लाख डॉलरचं, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. भाचा मला म्हणाला, “मामू, युद्ध एक वेळ परवडतं, बिल विसरणं परवडत नाही.”

अशा युद्धानंतर तहाची गोष्ट निघते, तेव्हा आघाडीत जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. खाणवाले आणि यानं बांधणारे म्हणतात, तह करा, आमचं काम ठप्प झालं आहे. लढवय्ये म्हणतात, आम्ही इथे आलो ते लढायला. शांतताच हवी असती तर घरी झोपलो नसतो का? ज्यांची यानं गेली त्यांना सूड हवा असतो. सेनापतींना उसंत हवी असते, पण तसं बोलून दाखवता येत नाही. कारण प्रत्येक सभेत शत्रूचा एखादा हेर बसलेला असणार, हे सगळे धरून चालतात. त्यामुळे बोलणारा आपल्या माणसांशी बोलत असतो आणि त्याच वेळी शत्रूलाही ऐकवत असतो. थकल्याची कबुली दिली, तर उद्या अटी कडक होतात.

या लढवय्यांचं म्हणणं अगदीच पोरकट नाही. बड्या आघाड्या एकमेकींशी सलोखा करून बसल्या, की नकाशा सगळा निळा होतो. खेळाडू त्याला वैतागून ‘निळा डोनट’ म्हणतात. लढाई नाही, चुरस नाही. कंटाळून लोक खेळ सोडतात आणि राष्ट्र आतून रिकामं होतं. यातून त्यांनी दोन प्रकारचे करार काढले. पहिला, एकमेकांवर हल्लाच न करण्याचा. दुसरा, एकमेकांचा प्रदेश न बळकावण्याचा. दुसऱ्यात सीमेवरच्या चकमकी चालतात, पण कोणी कोणाचं घर घेत नाही. मला हा दुसरा प्रकार फार शहाणपणाचा वाटला. त्यात माणसाच्या भांडखोर स्वभावाला जागा आहे आणि कुंपणही आहे.

अर्थात कुंपणं पडतात. ‘टेस्ट’ आणि ‘इम्पीरियम’ या दोन बलाढ्य पक्षांत असाच प्रदेश न बळकावण्याचा करार होता. २०२० मध्ये टेस्टने तो संपवला आणि जुलैत जे युद्ध पेटलं ते ऑगस्ट २०२१ पर्यंत, तेरा महिने चाललं. एकाच लढाईत अडीचशेहून अधिक टायटन गेले. इम्पीरियम शेवटच्या गडापर्यंत मागे रेटलं गेलं, पण तो गड पडला नाही. हल्लेखोरच माघारी फिरले. एवढ्या खटाटोपात किती माणसांच्या किती रात्री गेल्या असतील!

मग न्यायालय नसताना करार टिकतो तो कशावर? माझ्या मते, उद्या पुन्हा याच माणसांशी गाठ पडणार आहे या जाणिवेवर. आपण मराठीत ‘शब्द देतो’, ‘शब्द पाळतो’, ‘शब्द फिरवतो’. ज्याने एकदा शब्द फिरवला, त्याच्याशी पुढचा तह करताना लोक दहादा विचार करतात. म्हणूनच शत्रूशी बोलणं तुटू न देणारा माणस लागतो. या खेळात तसा एक माणूस होता. शॉन स्मिथ त्याचं नाव. खेळातलं टोपणनाव ‘व्हाइल रॅट’. ‘गूनस्वार्म’ आघाडीचा तो प्रमुख वकील. प्रत्यक्ष आयुष्यातही तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होता. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियात बेनगाझी इथल्या अमेरिकी कचेरीवर हल्ला झाला, त्यात तो मारला गेला. बातमी आली तेव्हा खेळाडूंनी अवकाशातल्या कितीतरी स्थानकांना त्याचं नाव दिलं. ज्यांच्याशी तो वाटाघाटी करत असे, ते विरोधकही शोकात सामील झाले.

खेळातलं युद्ध आणि खरं युद्ध यांत अंतर किती आहे, हे त्या बातमीने दाखवलं. यान पुन्हा बांधता येतं. पण ज्या खेळात माणसं फुकट लढू शकतात, तिथेही ती थकून तहाला बसतात, अटींवर घासाघीस करतात आणि दिलेला शब्द कित्येकदा पाळतात. तेव्हा जो शत्रूशी बोलायला जातो, त्याला आपण भित्रा किंवा फितूर म्हणायची घाई करू नये. सगळे बेकरार असताना करार शोधायला निघालेला माणूस तोच असतो.